ध्यान करून काय होतं? ठाणे ते पारसिक

गुरुवार, नौपाडा

कोल्हापूरची रात्रीची गाडी ठाण्यात पहाटे उतरवते. त्या वेळीही स्टेशनचा पूल माणसांनी भरलेला असतो. मामांच्या घरी पोचले तेव्हा मामा बैठकीच्या खोलीत पाठ ताठ ठेवून डोळे मिटून बसले होते, आणि मामी स्वयंपाकघराच्या दारातून मला 'बॅग हळू ठेव' अशी खूण करत होती. थोड्या वेळानं मामांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य आलं, "दूधवाला आजही आला नाही? या माणसाला सांगून सांगून कंटाळलो मी."

मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "तासभर बसून उठलेत, बरं का."

या सहलीचं कारण सांगायचं तर मामीचं हे वाक्य पुरेसं आहे. मी रोज सकाळी ध्यानाला बसते, बरीच वर्षं झाली. शाळेत सहकारी विचारतात, "मॅडम, त्यानं होतं काय?" रक्तदाब उतरतो, झोप लागते, राग कमी होतो, अशी उत्तरं मी देत आले, कारण ती ऐकणाऱ्याला लगेच पटतात. पण ती देताना आपण मूळ गोष्ट बाजूला ठेवून तिच्या सावलीबद्दल बोलतोय असं वाटत राहायचं. ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबईत एकमेकांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर अशा जागा आहेत, जिथं माणसं अगदी वेगवेगळ्या कारणांनी डोळे मिटून बसतात. सुट्टी होती, मामांकडे राहायची सोय होती, म्हणून आले.

मामा बँकेतून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांनी विपश्यनेचं, म्हणजे मौनात बसून श्वास आणि शरीर बघायच्या बौद्ध ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर केलं आणि तेव्हापासून त्यांच्याकडे ध्यानाची एक फाइल आहे. खरोखरची फाइल, पंच केलेली कात्रणं, लाल पेननं खुणा. पोहे खाता खाता ती माझ्यासमोर आली. "आधी हे वाच. मग हिंड कुठं हिंडायचं ते."

फाइलमध्ये हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१० सालचा अभ्यास होता. सव्वादोन हजार माणसांना फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन त्यातच आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि भटकलेल्या मनाची माणसं तुलनेनं कमी आनंदी होती. त्याखाली २०१४ चा मोठा आढावा. ध्यानावरचे ४७ प्रयोग, साडेतीन हजारांवर माणसं. निष्कर्ष मामांनी लाल पेननं अधोरेखित केला होता: चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत थोडा ते मध्यम फरक पडतो, पण औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं दाखवणारा पुरावा सापडला नाही.

"म्हणजे सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारल्या तरी तेवढंच," मामी म्हणाली.

"तेवढंच," मामांनी शांतपणे मान्य केलं. "म्हणूनच तर हे कात्रण ठेवलंय. फायदा म्हणून बघितलंस तर ध्यान एक मधल्या फळीतला खेळाडू आहे. एवढ्यासाठी कोणी अडीच हजार वर्षं ते जपून ठेवलं नसतं."

मला हे फार आवडलं. ध्यानाची बाजू मांडणारे सहसा असले अभ्यास ढालीसारखे पुढे करतात. मामांनी ते मार्गातून बाजूला करायला वापरले.

संध्याकाळी तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठानं चालणारे, भेळ खाणारे, कठड्यावर नुसते बसलेले. शेजारी कोपिनेश्वर. स्थान शिलाहारकाळातलं मानतात, आत्ताचं मंदिर १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलं. गाभाऱ्यातली पिंड इतकी मोठी आहे की पहिल्यांदा येणारा माणूस दोन पावलं मागं सरतो. आवारात एक आजोबा माळ ओढत बसले होते आणि त्याच वेळी फोनवर कुणाला तरी सोसायटीच्या पार्किंगबद्दल सांगत होते. माळ थांबली नव्हती. मामी म्हणाली, "हाताचा व्यायाम होतो."

रात्री मामीची एक मैत्रीण आली, समुपदेशक. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९० पासून. त्यामुळे असेल, पण या शहरात मनाविषयी माणसं आमच्याकडच्यापेक्षा मोकळी बोलतात. त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली. तीव्र नैराश्य किंवा भास होण्याचा त्रास असलेल्या माणसानं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांब पल्ल्याच्या मौन शिबिरात जाऊ नये. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल स्पष्ट विचारतात, आणि तिथं खरं लिहायचं असतं. "शांत बसल्यावर सगळ्यांना शांतच वाटतं, हा समज कुठून आला कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

शुक्रवार, ऐरोली

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून ट्रान्सहार्बरच्या गाड्या सुटतात. पलीकडच्या मुख्य मार्गाच्या मानानं इथं श्वास घेता येतो. दिघा गाव, मग ऐरोली. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर सोबत चालतो, त्याच्या कडा खाणींनी कापलेल्या. नवी मुंबईचा बराच दगड तिथूनच निघाला.

कॉलेजातली मैत्रीण इथं एका आयटी कंपनीत आहे. कंपनीनं दर बुधवारी जेवणानंतर वीस मिनिटांचं 'माइंडफुलनेस सेशन' ठेवलंय. इअरफोन, एक मंजूळ आवाज, शेवटी फीडबॅक फॉर्म. फॉर्मवरचा पहिला प्रश्न, सेशननंतर कामातलं तुमचं लक्ष किती वाढलं?

"बरं वाटतं का पण?" मी विचारलं.

"वाटतं ना. वीस मिनिटं कोणी पिंग करत नाही. पण गंमत बघ, आमच्या टीममधून चार जणांना काढलं त्या आठवड्यातही सेशन झालं. विषय होता, भावना येतात-जातात, नुसतं बघा."

यात ध्यानाचा दोष नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला तो जुनाट दुखणी सोसणाऱ्या, डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांसाठी, आणि त्यांच्यासाठी तो प्रामाणिक उपाय होता. पण रुग्णालयातून ते कार्यालयात आलं तेव्हा वाटेत पुढचा आणि मागचा भाग गळून पडला. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या आधी शील येतं आणि नंतर प्रज्ञा. पतंजलींच्या आठ अंगांत ध्यान सातवं. पहिली दोन यम आणि नियम, आणि यमांत पहिली अहिंसा. म्हणजे डोळे मिटायच्या आधी तुम्ही कसे जगता हा प्रश्न सोडवायचा असतो. कार्यालयात नेमका तोच प्रश्न कुणाला नको असतो, कारण तो मालकालाही विचारावा लागेल.

मैत्रिणीच्या घरी हा वाद दोन पिढ्यांचा आहे. तिच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेली. वडील चळवळीतले, विपश्यनेला ते 'डोळे मिटून अन्याय विसरायची सोय' म्हणायचे. ही मात्र शिबिरं करते. "बाबा असते तर आपण आज जेवताना भांडलो असतो," ती म्हणाली, आणि मला सेक्टर पंधरामधल्या डॉ. आंबेडकर स्मारकात घेऊन गेली.

पांढऱ्या घुमटाची इमारत लांबून दिसते. आत बाबासाहेबांच्या आयुष्यातली छायाचित्रं आहेत, ग्रंथालय आहे. तिथं बसून आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली समाधीवरची पानं काढली. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये छापला गेला. त्यांचं म्हणणं असं आहे: नुसत्या समाधीत मनातले अडथळे तेवढ्यापुरते थांबतात, उठलं की परत येतात, म्हणून ती नकारात्मक. मनाला कायमचं वळण लागायला हवं, आणि ते सम्यक समाधीनं लागतं. ती एकाग्र मनाला कुशल कर्माचा, चांगल्या विचाराचा विचार करायला शिकवते, इतकी की मग चांगलंच सुचावं ही सवय होते.

मैत्रीण म्हणाली, "बाबा हे पान वाचून दाखवायचे ते मला गप्प करायला. मी याच पानावर शिबिराला जाते."

मी ते पान दोनदा वाचलं. बाबासाहेबांना ध्यानाचं वावडं होतं असं सरसकट बोललं जातं, दोन्ही बाजूंनी. इथं दिसतं ते वेगळंच. त्यांचा आक्षेप आहे तो थांबण्यावर, थांबल्याचा आनंद मानून घेण्यावर. माणूस एक तास शांत राहिला, बरं, मग? त्या एका तासानं उरलेल्या तेवीस तासांचं काय केलं? हा प्रश्न मामीनं काल दूधवाल्यावरून विचारला होता, फक्त तिनं ग्रंथ लिहिला नाही.

बाहेर पडल्यावर मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसानं ऐरोलीच्या मिसळीवर काही लिहू नये.

शनिवार, गणेशपुरी

खोपटहून एसटीनं, भिवंडी आणि अंबाडीमार्गे. भिवंडीची गोदामं संपेपर्यंत निम्मा वेळ जातो. ट्रकांच्या मागं ट्रक. मामांना यायचं नव्हतं. "तिथं काही करायचंच नसतं म्हणे, सगळं गुरू करतो. माझ्या स्वभावात बसत नाही." मामी आली, तिला वज्रेश्वरीचं दर्शन घ्यायचं होतं.

वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचं. १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर झाला, आणि देवीचं देऊळ बांधलं गेलं. पायऱ्या चढताना बाहेरून किल्ल्याचाच भास होतो. मामीनं ओटी भरली आणि खाली येऊन म्हणाली, "आता तुझं ध्यान."

गणेशपुरी तिथून दोन-तीन किलोमीटर. तानसा नदी, मागं मंदाग्नीचा डोंगर, गरम पाण्याची कुंडं, भीमेश्वराचं जुनं देऊळ. स्वामी नित्यानंद १९३०च्या दशकात इथं आले तेव्हा हे रान होतं. त्याआधी ते दक्षिणेत होते. केरळातल्या कान्हनगडला त्यांनी डोंगरात गुहा खोदवून घेतल्या. लंगोटी लावणारा, काळासावळा, बहुतेक वेळ गप्प बसणारा माणूस. लोक तासन् तास समोर बसायचे आणि ते क्वचित एखादा शब्द बोलायचे. मंगळूरकडच्या भक्तांनी त्यांचे उद्गार टिपून ठेवले ती 'चिदाकाश गीता'. ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी देह ठेवला.

समाधिमंदिरात शनिवारची गर्दी होती. मंगळूर-उडुपीकडची मंडळी खूप. मुंबईतल्या उडुपी हॉटेलवाल्यांचं हे श्रद्धास्थान. साहजिकच गावात इडली उत्तम मिळते, मिसळीचा विषय निघत नाही.

आम्ही भिंतीच्या कडेला जागा धरून बसलो. माझी सवय श्वास बघायची. इथं ते जमेना, आवाज खूप होता, घंटा, चपलांच्या टोकनावरून चाललेली चर्चा, एक लहान मूल सारखं 'चल ना' म्हणत होतं. शेजारच्या बाईंनी मात्र डोळे मिटले आणि पाच मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहू लागलं. हुंदका नाही, काही नाही. अर्ध्या तासानं उठल्या, पदरानं चेहरा पुसला, मला म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात? काही करू नका. नुसतं बसा. तोच करून घेतो."

नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद यांनी हीच गोष्ट जगभर नेली. १९४७ च्या १५ ऑगस्टला आपल्याला नित्यानंदांकडून दीक्षा मिळाली असं ते सांगत. १९७० पासून परदेश दौरे, शक्तिपात, आश्रम. १९८२ मध्ये ते गेले. शक्तिपाताची कल्पना अशी की शिष्यात झोपलेली शक्ती गुरूच्या कृपेनं जागी होते आणि मग ध्यान आपोआप लागतं. आसनं आपोआप होतात, डोलणं, रडणं, प्रकाश दिसणं. माणसाचं काम एवढंच की मध्ये यायचं नाही.

आमच्या ज्ञानेश्वरांना हे अपरिचित नव्हतं. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत सहावा अध्याय कुंडलिनीच्या वर्णनानं भरलाय, इतका तपशीलवार की गीतेच्या मूळ श्लोकांत त्याचा मागमूस नाही. त्याआधी ते अभ्यासाची जागा सांगतात. शृंगारात रमलेल्या माणसालाही ती पाहताक्षणी राज्य सोडून इथंच राहावंसं वाटावं अशी: निर्मळ पाणी, गार वारा, वर्दळ नाही. नित्यानंद आले तेव्हाचं गणेशपुरी असंच असणार. आता कुंडाकाठी शाम्पूच्या पुड्या पडलेल्या असतात.

बाईंना मी विचारलं, घरी गेल्यावर हे टिकतं का?

"नवरा पितो," त्या म्हणाल्या. "आधी मी पण हात उचलायचे. आता भीती गेली. आता सांगते त्याला, पिऊन आलास तर दार उघडणार नाही. आणि उघडत नाही."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, आता सहन होतं. त्या म्हणाल्या उलटंच. कृपेच्या वाटेवर चालणारी ही बाई बाबासाहेबांच्या कसोटीला उतरत होती, आणि ऐरोलीत माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी हिचं अश्रूंचं ध्यान पाहिलं असतं तर त्यांनी मान फिरवली असती.

तरी माझं मन तिथं पूर्ण बसलं नाही, तेही सांगायला हवं. अनुभवांची चर्चा फार होती. कुणाला निळा ठिपका, कुणाला नाद, कुणाला गुरूंचं दर्शन. पतंजलींनी सिद्धींची लांबलचक यादी दिली आणि मग लिहून ठेवलं की समाधीच्या वाटेवर हे उपसर्ग आहेत, अडथळे. बाहेर वावरणाऱ्या माणसाला त्या सिद्धी वाटतात, एवढंच. यादी वाचणारे लाखो, ही ओळ वाचणारे थोडे. शिवाय सगळं गुरूवर सोपवायचं तर गुरू पारखायचा कुणी आणि कधी? मामा रात्री म्हणाले, "तिजोरीची किल्ली देण्याआधी आमच्याकडे दोन सह्या लागायच्या." मामीनं त्यांना जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तुम्ही नाही आलात ते बरं झालं, तिला निवांत रडता आलं." ती माझ्याबद्दल बोलत नव्हती, स्वतःबद्दलच बोलत होती. कुंडावर पाय सोडून बसली असताना मामी बराच वेळ रडली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

रविवार, पारसिक टेकडी

बेलापूरला उतरून रिक्षानं वर. पारसिक टेकडीवर 'धम्म विपुल' हे विपश्यना केंद्र आहे. आधी दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी इथं एक दिवसाची शिबिरं होतात, त्यासाठी मामा आणि मी आलो होतो. नवीन माणसाला सुरुवात दहा दिवसांनीच करावी लागते. फी नाही, ज्यानं शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच दान घेतात.

फोन जमा केले, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. मामांशी बोलणं संध्याकाळपर्यंत बंद.

विपश्यनेत सुरुवात आनापानानं. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवर श्वास येतो-जातो तो जाणायचा. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस हेच चालतं आणि लोकांना वाटतं आपण मूर्ख ठरलो. मग लक्ष डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर फिरवायचं. खाज, उष्णता, मुंग्या, दुखणं, काहीच नाही. जे असेल ते. ते हवंहवंसं वाटलं तरी धरायचं नाही, नकोसं वाटलं तरी झटकायचं नाही.

दुसऱ्या बैठकीत माझा डावा गुडघा पेटला. हे नेहमीचं. गुडघा दुखतो, मग 'अजून किती वेळ', मग 'व्यवस्थापकांनी खुर्ची दिली असती', मग शेजारणीच्या बांगड्यांचा राग. नीट बघितलं तर दुखणं गुडघ्यातच आहे, एका रुपयाएवढ्या जागेत, आणि तेही सारखं एकसारखं नाही, कमी-जास्त होतंय. बाकीचं सगळं मी बांधलेलं. हे बांधकाम कसं होतं ते दिसायला लागलं की मध्ये एक जागा सापडते. दुखणं झालं आणि अजून राग झालेला नाही, अशी. ती फार छोटी असते. पुढच्या क्षणी बांगड्या वाजल्या आणि मी पुन्हा चिडले. पण जागा पाहिली होती.

माझ्या मते ध्यान म्हणतात ते याला. शांतता आली तर आली. ती हवामानासारखी, आपल्या हातात नसते. त्या मधल्या जागेत उभं राहता येणं मात्र सरावानं वाढतं, आणि तिचा उपयोग गादीवर शून्य आहे. गादीवर कुणी आपला अपमान करत नाही, कुणी दूध उशिरा आणत नाही, कुणी पिऊन दारात उभा नसतो. त्या गणेशपुरीच्या बाईंना ती जागा न शोधता सापडली होती. हात उचलायच्या आधी त्या थांबू शकल्या, आणि थांबून गप्प बसल्या नाहीत, दार लावून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत आवारात फिरताना खाली शहर दिसत होतं. बोलायची बंदी असल्यानं बायका एकमेकींच्या नजरा टाळत हळूहळू चालत होत्या. एक जण झाडाला टेकून चक्क झोपली.

परतताना मामांनी मला विपश्यनेचे आचार्य गोयंकागुरुजी यांची गोष्ट पुन्हा सांगितली. मला ती माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. सत्यनारायण गोयंका १९२४ मध्ये मंडालेत जन्मले, मारवाडी व्यापारी घराणं, धंद्यात मोठं नाव. मायग्रेन इतका की मॉर्फिन घ्यावं लागे. परदेशांतले डॉक्टर झाले. कुणीतरी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवलं. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. ध्यानाचे आचार्य आणि सरकारी हिशेबांचे प्रमुख एकाच वेळी, यावर मामांचा विशेष जीव. गोयंकांनी सांगितलं, डोकेदुखी घालवायला आलोय. तर त्यांनी शिकवायला नकार दिला. डोकेदुखीसाठी आलात तर या मार्गाची किंमत कमी करताय. मन निर्मळ करायला या, दुखणं गेलं तर ते वरचं. गोयंका १९५५ मध्ये पहिल्यांदा बसले. १९६९ मध्ये भारतात आले, जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, पुढं इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. २०१३ मध्ये मुंबईतच वारले.

"बघ," मामा म्हणाले, "गिऱ्हाईक दारात आलंय, दुखणं खरं आहे, आणि हा माणूस सांगतो की या कारणासाठी माल देणार नाही."

"पण मायग्रेन गेला ना?"

"गेला. म्हणूनच लोक गोष्टीचा शेवटच सांगतात."

गीतेतही असाच एक धक्का आहे. बाराव्या अध्यायात अभ्यासापेक्षा ज्ञान, ज्ञानापेक्षा ध्यान, अशी शिडी चढत जाते, आणि वाटतं ध्यानावर संपेल. तर ध्यानाच्याही वर कर्मफलाचा त्याग ठेवलाय. ज्याच्या फायद्याची यादी करत मी इतकी वर्षं उत्तरं देत होते, त्याच्या वरची पायरी फायदा सोडायची.

बेलापूरहून ठाण्याच्या गाडीत बसायला जागा मिळाली. समोर एक मुलगी, मांडीवर एमपीएससीच्या नोट्स. माझ्या पिशवीतून डोकावणारी उशी बघून तिनं विचारलं, "काकू, पारसिकच्या सेंटरला गेला होतात? माझी रूममेट म्हणते तिथं दहा दिवस केलं की एकाग्रता वाढते. मेन्स आहे माझी."

मी मामांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणजे ऐकत होते.

"वाढते," मी म्हटलं. "पण तेवढ्यासाठी जाऊ नकोस."

"मग कशासाठी जाऊ?"

मी तिला गुडघ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बांगड्यांपर्यंत आले तोवर रबाळे गेलं. तिनं सगळं ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे इंटरव्ह्यूला कोणी मुद्दाम चिडवणारा प्रश्न विचारला तर उपयोग होईल?"

"तिथं होईल."

"मग मेन्स झाल्यावर फॉर्म भरते," असं म्हणून तिनं नोट्सच्या मागच्या पानावर केंद्राचं नाव लिहून घेतलं आणि ऐरोलीला उतरली. गाडी सुटल्यावर मामा माझ्याकडे वळले. "सगळं सांगितलंस, पण दहा दिवस मोबाइल जमा करावा लागतो, हे तिला सांगितलंच नाहीस."